चौपन्नाव्या वर्षी खेळण्यांच्या दुकानात

“काका, जरा उकिडवं बसून दाखवता?”

मुलाखतीतला पहिला प्रश्न हा. मंगळवार, १३ जून २०२३, सकाळचे साडेअकरा, ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडच्या एका गल्लीतलं खेळण्यांचं दुकान. विचारणारी दुकानाची मॅनेजर, माझ्या मुलीपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठी. मी पँट गुडघ्यावर जरा ओढून घेतली आणि बसलो. उठताना मात्र रॅकला हात टेकवावा लागला. तिनं ते पाहिलं, कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाली, “आता टॅक्स इन्व्हॉइस वाचता येतं का सांगा.”

ते येत होतं. एकवीस वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. ३१ मार्च २०२३ ला कंपनीनं शटर ओढलं. एप्रिल-मेमध्ये सतरा ठिकाणी अर्ज केले. तीन ठिकाणी बोलावलं आणि तिन्हीकडे जन्मसाल वाचून झालं की चहा विचारायचे. चहा विचारला की समजायचं, काम नाही. खेळण्यांच्या दुकानात चहा विचारला नाही, तेव्हाच जरा आशा वाटली.

माझ्याच वयाचे दोघं-तिघं मित्र आता याच वाटेवर आहेत आणि फोन करून विचारतात, “दुकानात उभं राहायला जमेल का रे?” म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय. तारखा माझ्या खिशातल्या डायरीतल्या आहेत. तीही स्टोअरचीच सवय.

सोमवारी, १९ जूनला, रुजू झालो. कागदपत्रं: आधार, पॅन, दोन फोटो, बँकेचा रद्द केलेला चेक, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा नंबर. नेमणुकीचं पत्र मागून घ्या, लाजू नका. मला ते अकराव्या दिवशी मिळालं आणि तेही चार वेळा आठवण केल्यावर. लाल टी-शर्टाचे ६०० रुपये डिपॉझिट म्हणून कापले. पगार ठरला १६,५००. त्यातून पीएफचे १,५६०, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, १२४ आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात १४,६१६. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेव्हा घाबरू नका, नियमच तसा आहे. काउंटरवरच्या ताईंचे २०० कापले जात नव्हते, म्हणून मी आधी कुरकुरलो. मग कळलं की एप्रिल २०२३ पासून बायकांना २५,००० पगारापर्यंत तो माफ आहे.

आधीच्या पगाराच्या निम्म्याहून थोडंच जास्त. घरी आकडा सांगितला तेव्हा ही भाजी निवडत होती. म्हणाली, “पास किती पडेल?” कळवा ते ठाणे, शंभर रुपये महिना. “मग चालेल,” म्हणाली आणि पुन्हा गवार मोडायला लागली.

कामाची वेळ दोन पाळ्यांत. दहा ते सात किंवा साडेबारा ते साडेनऊ. आठवड्याची सुट्टी मंगळवार किंवा बुधवार. शनिवार-रविवार विसरायचे, लग्नं-मुंजी विसरायच्या. हे माहीत असूनही पहिल्या महिन्यात भाच्याच्या साखरपुड्याला ‘येतो’ म्हणून बसलो आणि गेलो नाही. बहीण अजून ऐकवते.

पहिल्या आठवड्यात कळलं की खरं काम उभं राहण्याचं आहे. कंपनीत मी दिवसभर हिंडायचो, पण मधेमधे टेबलाशी बसायचोही. इथे नऊ तासांत जेवणाचा अर्धा तास आणि चहाची दहा-दहा मिनिटं सोडली तर खुर्ची नाही. दुकानात स्टूल एकच, ते कॅश काउंटरवर. केरळनं २०१८ साली आणि तामिळनाडूनं २०२१ साली दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्यातच लिहून दिला, हे मला गोदामातल्या पोरानं मोबाईलवर दाखवलं. मग आम्ही दोघं उभ्याउभ्याच तो कायदा वाचत बसलो. म्हणजे, वाचत उभे राहिलो. चौथ्या दिवशी टाचेत अशी कळ आली की स्टेशनचा जिना कठडा धरून उतरलो. उपाय तीन केले. बूट एक नंबर मोठा घेतला, कारण संध्याकाळी पाय सुजतात. रात्री गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवले. आणि गोदामात सायकलीचं एक भरलेलं खोकं हेरून ठेवलं, त्याच्यावर पाच मिनिटं टेकता यायचं. दीड महिन्यानं कळ गेली. बूट १,१०० रुपयांचे, तेवढा खर्च पहिल्याच महिन्यात धरा.

खाली बसण्याचं कोडंही तेव्हाच सुटलं. दुकानातला सगळ्यांत खपाचा माल जमिनीपासून दोन-अडीच फुटांत मांडलेला असतो, कारण पोरांचा हात तिथवरच पोचतो. महाग, शहाणी, ‘बुद्धी वाढवणारी’ खेळणी वर, आई-बापांच्या डोळ्यांसमोर. दिवसातून शंभरेक वेळा तरी खाली बसावं लागतं. मूल उभं असतं, आपण बसलेले, तेव्हा कुठे दोघांची तोंडं समोरासमोर येतात.

आता माझी चूक सांगतो. जुलैचा दुसरा आठवडा, धो धो पाऊस, दुकानात गिऱ्हाईक नाही. एक आजी आणि तिची सून आल्या. वाढदिवसाची रिटर्न गिफ्ट हवी होती, पंचवीस नग, प्रत्येकी शंभरच्या आत. ज्यांनी हा धंदा पाहिला नाही त्यांना सांगतो, रिटर्न गिफ्टवर आमचं अर्धं दुकान चालतं. मी मणी ओवायचे छोटे डबे दाखवले. स्वस्त, रंगीत, पंचवीस नग शिल्लक. त्यांनी घेतले. बिल झालं, मी खूश. मुलं किती वर्षांची, हे विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी आजी एकट्याच आल्या. छत्री दाराशी न ठेवता तशीच ओली आत आणली, काउंटरवर रुमाल ठेवला आणि उलगडला. आत एक लाल मणी. वाटाण्याएवढा. म्हणाल्या, “नातवाच्या तोंडातून काढलाय. दीड वर्षाचा आहे. सुनेनं बोट घातलं म्हणून बरं.”

मी काय बोलणार? मॅनेजरनं डबा उलटा करून माझ्यासमोर धरला. मागे कोपऱ्यात, तांदळाएवढ्या अक्षरांत, वर्तुळात बाळाचं तोंड आणि त्यावर आडवी रेघ. ० ते ३. म्हणजे तीन वर्षांखालच्यांना नाही. मला ते चिन्ह चष्म्याशिवाय दिसलंच नव्हतं आणि चष्मा मी घरी ठेवून यायचो, म्हातारा दिसू नये म्हणून. आजींचे सगळे पैसे परत दिले, उरलेले डबे कुणाकुणाकडे गेलेत त्यांना फोन करायला सांगितलं. त्या संध्याकाळी जांभळी नाक्यावरून ३५० रुपयांचा वाचायचा चष्मा दोरीसकट घेतला. तो तेव्हापासून गळ्यात आहे.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं ड्रॉवरमधून एक पारदर्शक नळकांडं काढलं. तोंडाचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. लहान मुलाच्या घशाच्या मापानं ठरवलेलं. खेळण्याचा सुटा भाग किंवा तुटून निघणारा तुकडा त्यात पूर्ण मावला, तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही. मी तासभर दुकानभर ते नळकांडं घेऊन हिंडलो. बाहुलीचा बूट मावला. डॉक्टर सेटमधलं इंजेक्शन नाही मावलं. ब्लॉक्सपैकी सगळ्यात छोटा मावला. दुसरी गोष्ट सेलच्या झाकणाची: बटणासारखे चपटे सेल असलेल्या खेळण्याचं झाकण स्क्रूनं बंद हवं, नखानं उघडता कामा नये. तो सेल पोटात गेला तर आतून भाजतो.

नातवंडांसाठी काही घेणार असाल तर डबा उलटा करायची सवय लावून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक, आयएस ९८७३, लिहिलेला असतो, सेलवर किंवा विजेवर चालणारं असेल तर आयएस १५६४४. खाली सीएम/एल आणि पुढे लायसन्सचा नंबर. तो नंबर बीआयएसच्या, म्हणजे हे चिन्ह देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव येतं. माल उतरवताना प्रत्येक खोक्यातला एक नग मी असा तपासायचो. चार महिन्यांत एकदाच असा लॉट आला की नंबर टाकला आणि नाव दुसऱ्याच कंपनीचं. तो परत पाठवला.

“हेच क्रॉफर्ड मार्केटला निम्म्या भावात मिळतं,” हे वाक्य दिवसाला पाचदा ऐकायला मिळतं. सुरुवातीला मी वाद घालायचो. मग समजावायला शिकलो. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची ड्यूटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. वर जीएसटी, तेव्हा साध्या खेळण्यांवर १२ टक्के होता, सेल लागत असेल तर १८. कुणी ऐकून घेतं, कुणी नाही. शेवटी मी एवढंच म्हणायला लागलो, “तिथे घ्या, पण मागचं चिन्ह बघून घ्या.” मॅनेजरच्या समोर म्हणत नव्हतो.

ऑगस्ट राखीत गेला. दहीहंडीला, ७ सप्टेंबरला, टेंभी नाका आणि जांभळी नाक्याकडचे रस्ते बंद, दुपारपासून दुकानात आम्हीच. गणपती १९ सप्टेंबरला बसले. लोकांच्या पिशव्यांत मखराचं सामान आणि मोदकांचे साचे, खेळणी नाहीत. आणि मग पितृपंधरवडा. टार्गेट मात्र तेवढंच. सप्टेंबरचा इन्सेन्टिव्ह शून्य. त्या दिवसांत मी ‘हे काम आपल्याला झेपणारं नाही’ असं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी दहाला हजर झालो, कारण दुसरीकडून फोन येत नव्हता.

रिकाम्या वेळात बघायला भरपूर असतं. आमच्या धंद्यात पैसे देणारा एक आणि खेळणारा दुसरा. किराणा दुकानात, चपलेच्या दुकानात असं नसतं. पोराला हवी बोंब मारणारी ॲम्ब्युलन्स, आईला हवं भारताच्या नकाशाचं पझल, बापाला हवं बाहेर पडायला. तिघंही माझ्याकडे बघतात. सुरुवातीला मी पैसे देणाऱ्याच्या बाजूनं बोलायचो, म्हणजे पोर लोळण घ्यायचं. पोराच्या बाजूनं बोललो की आई दुकानच सोडायची. लोळण घेतलेल्या मुलाला दुसरं खेळणं दाखवू नका, त्यानं ते दोन्ही मागतं. मी बारकोडची गन हातात देतो. “हे टीं करून दाखव बघू.” ते टीं करतं, काउंटरवरच्या ताई टाळ्या वाजवतात, तेवढ्यात आई-बापांचं आपसांत काय ते ठरतं. दहांतल्या सहा वेळा चालतं. उरलेल्या चार वेळा मी गोदामात काहीतरी आणायला जातो.

पैसे देणारा आणि खेळणारा एकच असलेलं गिऱ्हाईक फक्त एका जातीचं: हॉट व्हील्सवाले, म्हणजे त्या नावाच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या जमवणारे. पंचवीस-तिशीची पोरं, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. खोकं येणार त्या दिवशी साडेदहालाच दाराशी. प्रत्येक गाडी उजेडात धरून रंग बघतात, चाक सरळ आहे का बघतात, पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला असेल तर परत ठेवतात. खोक्यांत क्वचित एखादी खास गाडी येते, तिला ट्रेझर हंट म्हणतात, ती ओळखायच्या खुणा त्यांनीच मला शिकवल्या. एकानं शंभराची नोट पुढे करून सांगितलं, “काका, आली की बाजूला ठेवा, फोन करा.” घेतली नाही, पण खोटं का बोलू, तो गेल्यावर रिकाम्या खिशाची आठवण आली. ही मंडळी भाव करत नाहीत, उलट सुलट प्रश्न विचारत नाहीत. घरी जाऊन त्या गाड्या चालवतही नाहीत म्हणे. भिंतीला टांगतात.

आता पीएफबद्दल, कारण मित्र सगळ्यात जास्त तेच विचारतात. ज्यांना नको त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

सप्टेंबरात पासबुक उघडलं तर माझे दोन खाते-क्रमांक दिसले, जुना आणि नवा, आणि जुन्या कंपनीनं माझी ‘एक्झिट डेट’ भरलीच नव्हती. कंपनी बंद, फोन उचलायला कुणी नाही. सगळ्यांनी सल्ला दिला, पैसे काढून घे. काढू नका. दहा वर्षांहून जास्त नोकरी झाली असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू होतं, आणि खातं वर्ग केलं की मागची-पुढची सेवा जोडली जाते. एक्झिट डेट भरायला कंपनीच लागते असंही नाही. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये जाऊन ‘मार्क एक्झिट’ आपणच करता येतं, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तारीख दोनदा तपासून टाका, मी भरली तेव्हा ती नंतर आपल्या हातानं बदलता येत नव्हती.

मी ते ५ ऑक्टोबरला केलं, ९ तारखेला खातं वर्ग करायचा अर्ज टाकला. त्यात तेव्हा मंजुरी कुणाकडून हवी असं विचारायचे, जुन्या मालकाकडून की आत्ताच्या. जुनी कंपनी बंद, म्हणून मी आत्ताचाच निवडला. आमच्या मुख्य कार्यालयातल्या माणसानं मंजुरीचं बटण दाबायला १४ डिसेंबर उजाडवला. मधे मी त्याला नऊ वेळा फोन केला, दर वेळी ‘दिवाळीनंतर बघू’. कुठली दिवाळी, हे त्यानं सांगितलं नव्हतं. पैसे नव्या खात्यात २३ जानेवारीला दिसले. त्या रात्री मी कळवा स्टेशनच्या बाहेर वडापाव खाल्ला, दोन.

दिवाळी. तिच्याबद्दल किती लिहू? वसुबारस ९ नोव्हेंबरला आणि त्याच्या दोन आठवडे आधीपासून आम्ही रोज अकरा-अकरा तास. रविवारी १२ तारखेला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. पहाटेपासून राम मारुती रोड आणि तलावपाळीवर नटूनथटून आलेल्या पोरापोरींचा महापूर. त्यातल्या कुणालाच खेळणं नको, पण प्यायला पाणी आणि ‘काका, बाथरूम आहे का’ हे सगळ्यांना हवं. खरी विक्री दुपारनंतर. किल्ल्यांचे मावळे संपले १० तारखेलाच. एका मुलाचा किल्ला तयार, माती घट्ट, हळीव उगवलेले, सिंहासनावर महाराज बसलेले आणि दरवाजात पहारा द्यायला कुणी नाही. तो रडवेला. गोदामात शोधून मला सैनिकांचं एक पाकीट सापडलं, हिरवे, बंदूकवाले. त्यानं ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. म्हणाला, “चालतील. लांबून कळणार नाही.” टिकल्यांची पिस्तुलं आम्ही ठेवतो, टिकल्या ठेवत नाही, त्या फटाकेवाल्याकडे. हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं की झोपेतही म्हणत होतो, असं ही सांगते.

पाडवा १४ तारखेला, बालदिनाच्याच दिवशी आला. त्या गर्दीत डिस्प्लेतलं रिमोटचं हेलिकॉप्टर पडून पंखा मोडला. कुणाचा धक्का लागला, कुणी पाहिलं नाही. दुकानाची ती बाजू माझ्याकडे होती, म्हणून डिसेंबरच्या पगारातून माझे १,२९९ कापले. विचारणा नाही, कागद नाही. दुकान चांगलं, माणसं चांगली, पण ही पद्धत वाईट. तेव्हा वेतन प्रदान अधिनियम लागू होता, १९३६ चा, त्यात नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागायची. मी ८ जानेवारीला साध्या कागदावर अर्ज लिहिला. तारीख, काय झालं, किती कापले, मला विचारलं गेलं नाही. आवाज चढवला नाही, धमकी लिहिली नाही. दोन प्रती केल्या, एकीवर मॅनेजरची पोच घेतली. ती पोच देताना तिनं हळूच सांगितलं, “काका, माझेही मागच्या वर्षी कापले होते.” फेब्रुवारीच्या पगारात रक्कम परत आली. तिची आली का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

नोव्हेंबरच्या पगारात इन्सेन्टिव्हचे २,१५० आले, तेही नोंदवतो. वर्षातला तो सगळ्यात मोठा आकडा. १९ नोव्हेंबरला वर्ल्ड कपची फायनल, रविवार असूनही दुपारी दोननंतर दुकानात माशी नाही. सकाळी मात्र प्लॅस्टिकच्या बॅटी धडाधड गेल्या होत्या. रात्री भारत हरल्यावर एक बाप आला आणि बॅट बदलून बॅडमिंटनची रॅकेट द्या म्हणाला. दिली.

दिवाळीनंतरचे परतीचे आठवडे कंटाळवाणे. गाडी चालत नाही म्हणून आणलेल्या दहांतल्या सात गाड्यांत सेल उलटे घातलेले असतात. गिऱ्हाइकासमोर तसं म्हणायचं नाही, “बघू हं” म्हणून मागे जायचं, सेल सरळ करायचे, आणि “झाली दुरुस्त” म्हणून आणून द्यायची. हे काउंटरवरच्या ताईंनी शिकवलं. नाताळही पटकन गेला.

जानेवारीत संक्रांत १५ तारखेला आणि पुढे रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं. बोरं-चुरमुऱ्यांबरोबर उधळायला छोट्या वस्तू हव्या असतात, तेव्हा मी नळकांडं काउंटरवरच ठेवायचो. याच दिवसांत भातुकलीची लाकडी भांडी मागणाऱ्या आज्या येतात. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि भांडी आमच्याकडे थोडी होती. एका गृहस्थानं डबा उलटा करून मलाच पकडलं, “यावर आयएसआय कुठाय?” मी खजील झालो, मॅनेजरला विचारलं. हस्तकलेच्या नोंदणीकृत कारागिरांनी केलेल्या खेळण्यांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना त्या सक्तीतून सूट आहे. ते मला सात महिने माहीत नव्हतं.

मार्चमध्ये पिचकाऱ्या. २५ तारखेला धुळवड. प्रत्येक पिचकारी बादलीत बुडवून, उडवून दाखवावी लागते, नाहीतर घेत नाहीत. सलग दहा दिवस मी ओल्या पँटनं लोकलमध्ये उभा होतो. लोक सरकून जागा देतात, त्याचा अर्थ चांगला नसतो.

३१ मार्च, रविवार. स्टॉक मोजणी. बरोबर एक वर्षापूर्वी त्याच दिवशी मी कंपनीत शेवटची मोजणी करून किल्ल्या दिल्या होत्या. शटर सहाला ओढलं. साडेनऊला ताई आणि बाकीच्या मुली घरी गेल्या. बायकांना त्यानंतर थांबवायचं तर त्यांची संमती आणि घरी सोडायची सोय लागते, आणि सोय नव्हती. मॅनेजर, तिला न्यायला आलेला तिचा भाऊ, गोदामातला पोरगा आणि मी उरलो. वरच्या माळ्यावरून एक खोकं निघालं, धुळीनं पांढरं. आत फिजेट स्पिनर, म्हणजे बोटावर फिरवायच्या भिंगऱ्या, ११२ नग. २०१७ साली लोक यासाठी रांगा लावत होते, आता सिस्टीममध्ये त्यांची किंमत एक रुपया. त्याखाली पॉप-इटचे, म्हणजे बुडबुडे दाबायच्या रबरी खेळण्याचे, दोन डबे. पोरगा म्हणाला, “काका, पुढच्या वर्षी इथे काय असेल?” तो एक स्पिनर बोटावर फिरवत होता आणि आम्ही तिघं तो थांबेपर्यंत बघत राहिलो. बराच वेळ फिरला. बेअरिंग चांगलं होतं. मोजणी अडीचला संपली. फरक एकोणीस नगांचा, त्यातले चौदा माझ्याच सेक्शनचे. रिक्षाला रात्रीचे १२० गेले, ते मिळाले नाहीत.

कायम केल्याचं पत्र डिसेंबरात यायला हवं होतं, ते १२ एप्रिलला आलं. पगारात ७५० ची वाढ.

परवा एक नव्या बाई रुजू झाल्या. पन्नाशीच्या, शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम केलेल्या. मॅनेजरनं त्यांनाही खाली बसायला सांगितलं होतं म्हणे. दुपारी चारला त्या माझ्याजवळ आल्या आणि इकडेतिकडे बघून विचारलं, “दादा, इथे टेकायला कुठे मिळतं का हो?” मी त्यांना गोदामात नेलं, दाराच्या मागचं सायकलीचं खोकं दाखवलं आणि सांगितलं, बाजूच्या बाहुलीघराच्या खोक्यावर बसू नका, ते खचतं.